पिंग जातंय, पण मशीन उठत नाही : आमची अठरा वर्षांची वाटचाल

२००७ च्या दसऱ्याला राजारामपुरीतल्या एका छोट्या गाळ्यात मी आणि माझ्या धाकट्या भावाने काम सुरू केलं. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, त्याच्याकडे पुण्यात दोन वर्षं हार्डवेअरचं काम केल्याचा अनुभव. कॉम्प्युटर जोडून द्यायचे, चार मशीनवर टॅली चालवून द्यायचं, प्रिंटर शेअर करून द्यायचा, वर्षाचे देखभाल करार घ्यायचे, एवढंच काम. कोल्हापुरात असल्यामुळे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आपोआप आमच्याकडे वळल्या. तिथल्या काळ्या धुळीत मशीन टिकत नाहीत, आणि फोन केल्यावर तासाभरात पोचणारं माणूस लागतं. ती धूळ पंख्यात बसते, नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या स्विचच्या पोर्टमध्ये बसते, आणि कधी कधी आठवडाभर छळणाऱ्या बिघाडाचं उत्तर त्या धुळीतच सापडतं.

२०१२ पर्यंत प्रत्येक मोठ्या ग्राहकाकडे तीन-चार टॉवर सर्व्हर जमले होते. ईआरपीचा (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एक, टॅलीचा एक, फाइलींचा एक, हजेरीचा एक. लोडशेडिंगच्या दिवसांत एवढं सगळं यूपीएसवर ओढणं परवडत नव्हतं. तेव्हा आम्ही पहिल्यांदा व्हर्च्युअलायझेशनचं काम घेतलं, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने बनवलेली अनेक ‘व्हर्च्युअल’ मशीन चालवायची: ती चालवणारे दोन दणकट सर्व्हर, म्हणजे होस्ट, त्यांच्यावर व्हीएमवेअर हे सॉफ्टवेअर, आणि दोघांना मिळून एक नेटवर्क स्टोरेज.

हे ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हर्च्युअल मशीनची हार्ड डिस्क म्हणजे शेवटी एक मोठी फाइल. ती होस्टच्या पोटात नसते, केबल आणि स्विच ओलांडून पलीकडच्या स्टोरेजमध्ये असते. म्हणूनच एक होस्ट बंद पडला तर दुसरा तीच फाइल उघडून मशीन पुन्हा चालू करू शकतो. सोय मोठी आहे. पण त्या फाइलीपर्यंतची वाट तुटली, तर पूर्वीसारखा एकच सर्व्हर बंद पडत नाही, ईआरपी, टॅली, हजेरी सगळं एकदम अडतं. आमच्या धंद्याची पुढची सगळी वर्षं या वाटेवरच गेली, असं म्हटलं तरी चालेल.

२०१३ मधली आमच्या हातची चूक मी नव्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. एका फाउंड्रीत डेटास्टोअर, म्हणजे होस्टला दिसणारी स्टोरेजवरची जागा, स्क्रीनवर मधूनच राखाडी व्हायचा, दोन-तीन मिनिटांनी परत यायचा. मी गेले, पाच मिनिटं स्क्रीन पाहिला आणि स्टोरेजच रीस्टार्ट केलं. वर सात मशीन चालू होती आणि त्यांचं लिहिणं सुरू होतं. लिनक्सच्या मशीनला डिस्कवर लिहिता येईना, म्हणून त्याने स्वतःची फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती करून घेतली. विंडोजची मशीन परत आली, पण ईआरपीचा डेटाबेस ‘सस्पेक्ट’ (बिघडल्याचा संशय) दाखवत होता. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, तो चढवला. त्या दिवसाच्या नोंदी मात्र गेल्या. मी आणि भाऊ दोन संध्याकाळी त्यांच्या अकाउंटच्या मुलींबरोबर बसून चलनांच्या कागदी प्रतींवरून सगळं पुन्हा भरत होतो. त्या कामाचं बिल आम्ही लावलं नाही.

आणि मूळ दुखणं काय निघालं? होस्ट आणि स्विचमधल्या पॅच कॉर्डची, म्हणजे छोट्या जोडकेबलची, प्लास्टिकची खिट्टी तुटलेली होती. रॅकच्या पंख्याच्या थरथरीने प्लग अर्धा मिलिमीटर सरकायचा आणि लिंक पडायची. स्विचच्या त्या पोर्टवर एररचे आकडे हजारांत चढलेले होते. मी तो एक आकडा आधी पाहिला असता तर पाच मिनिटांत केबल बदलून परत आले असते. स्टोरेजमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

तेव्हापासून वही आली. शंभर पानी, रेघांची, पुठ्ठ्याच्या कव्हरची. कशालाही हात लावायच्या आधी त्यात लिहायचं. गेल्या दोन दिवसांत काय बदललं? स्विच, केबल, पासवर्ड, फायरवॉल, अगदी रॅक पुसला असेल तरी. डेटास्टोअर एकाच होस्टला दिसत नाही की सगळ्यांना? एकालाच दिसत नसेल तर त्या होस्टच्या बाजूला शोधायचं; सगळ्यांना दिसत नसेल तर स्विच किंवा स्टोरेज. या दोन प्रश्नांनी निम्मा शोध संपतो. वाया घालवायला वेळही नसतो. व्हीएमवेअरमध्ये स्टोरेजच्या सगळ्या वाटा बंद झाल्या की होस्ट १४० सेकंद धीर धरतो, मग ते स्टोरेज हरवलं असं धरून चालतो. अशा वेळी घाबरून होस्ट रीस्टार्ट करणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण मागे मालक उभा असतो.

२०१८ च्या पावसाळ्यातली शिरोलीची एक रात्र मला पोर्टच्या नंबरांसकट आठवते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्यांनी रॅकमधला जुना स्विच काढून नवा बसवून घेतला होता, दुसऱ्या कोणाकडून. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मशीन अडखळत होती, संध्याकाळी एकही उठेना. गेटवर माल भरलेले तीन ट्रक उभे. बिल ईआरपीतून निघणार, त्यावर मालवाहतुकीचं ई-वे बिल, आणि कास्टिंगबरोबर जाणारं धातूच्या तपासणीचं (स्पेक्ट्रोचं) सर्टिफिकेट, तेही त्याच सर्व्हरवर. त्यांचे आयटी सांभाळणारे गृहस्थ वयाने माझ्यापेक्षा मोठे. ते म्हणाले, “ताई, पिंग तर जातंय की! स्टोरेज जिवंत हाय, डेटास्टोअर दिसतोय, आत फोल्डरबी दिसत्यात. मग मशीन का उठंना?”

पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राला ‘आहेस का?’ अशी मारलेली हाक. खरंच सगळं दिसत होतं. पॉवर ऑन केलं की काटा काही टक्क्यांवर जाऊन थांबायचा. भावाने वही उघडली. काय बदललं? स्विच. मग त्याने होस्टच्या कन्सोलवरून, स्टोरेजसाठी राखलेल्या पोर्टमधूनच पिंग केलं. लॅपटॉपवरून केलेलं पिंग इथे फसवं असतं, कारण ते वेगळ्याच वाटेने जातं. साधं पिंग गेलं. मग त्याने पाकिटाचा, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या गठ्ठ्याचा, आकार ८९७२ बाइट दिला आणि तुकडे करायचे नाहीत असं बजावलं. एकही उत्तर नाही. १४७२ दिला, लगेच उत्तर.

जुन्या स्विचवर आम्हीच जम्बो फ्रेम चालू केल्या होत्या, म्हणजे १५०० ऐवजी ९००० बाइटची मोठी पाकिटं. होस्टलाही तसंच सांगितलेलं, स्टोरेजलाही. नवा स्विच खोक्यातून निघाला तसा १५०० वरच होता. ओळख करून घेणं, फोल्डरची नावं विचारणं हे सगळं लहान पाकिटांत होतं, म्हणून डेटास्टोअर दिसत राहिला. डिस्कची फाइल वाचायची वेळ आली की स्टोरेज ९००० चं पाकीट पाठवायचं, मधला स्विच ते मुकाट्याने टाकून द्यायचा, आणि दोन्ही टोकं एकमेकांची वाट पाहत बसायची. ८९७२ हा आकडा असा का? ९००० मधून आयपीचे २० आणि पिंगचे स्वतःचे ८ बाइट वजा केले की तेवढे उरतात. स्विचवरचा एक आकडा बदलला, मशीन एकामागून एक उठली, आणि रात्री साडेअकराला पहिला ट्रक गेटबाहेर पडला. त्या गृहस्थांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कोल्हापुरात कोण विसरेल? शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, आमच्या गाड्या कित्येक दिवस पलीकडे जाऊ शकल्या नाहीत. शाहूपुरीतल्या एका औषध वितरकाचा रॅक आम्ही पाणी चढायच्या आदल्या रात्री पहिल्या मजल्यावर नेला होता, सामान वाचलं. पाणी ओसरल्यावर सगळं पुन्हा जोडलं, आणि दर काही मिनिटांनी स्टोरेज गायब व्हायला लागलं. केबल बदलल्या, पोर्ट बदलले, एररचे आकडे शून्य. मला वाटलं ओल लागली असणार. मी स्टोरेज उघडायच्या बेतात होते.

भावाने थांबवलं आणि होस्टची एआरपीची यादी (कुठला आयपी पत्ता कुठल्या यंत्राचा, याची नोंद) दर दहा सेकंदांनी काढून पाहिली. आयपी पत्ता तोच, पण त्याच्यासमोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा कारखान्यातून आलेला पत्ता, बदलत होता. एकदा स्टोरेजचा, एकदा कुठल्या तरी परक्या यंत्राचा. मॅक पत्त्याचे पहिले सहा अंक बनवणाऱ्या कंपनीचे असतात, त्यावरून कळलं की ते कॅमेऱ्याचं रेकॉर्डर आहे. जुनं भिजलं म्हणून त्यांनी नवं घेतलं होतं आणि बसवणाऱ्याने सहज एक मोकळा वाटणारा पत्ता देऊन टाकला होता. दुकानाच्या काउंटरखाली ते लुकलुकत बसलेलं सापडलं. खरी चूक आमची होती: स्टोरेज आणि दुकानातलं बाकी सगळं एकाच नेटवर्कवर आम्हीच ठेवलं होतं. त्या वर्षाअखेर आम्ही सगळ्या करारातल्या ग्राहकांचं स्टोरेज वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर) नेलं. काहींनी या खर्चाला नाही म्हटलं, तरीही केलं.

परवानग्यांची दुखणी याहून सोपी, पण चकवणारी. एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वाटायची पद्धत. तिथे शेअर जोडला जातो, आतलं दिसतं, पण मशीन तयार करायला गेलं की नकार. होस्ट तिथे रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून जातो, आणि स्टोरेजची मूळ सेटिंग रूटला सामान्य पाहुणा मानायची असते. शेअरच्या सेटिंगमध्ये तेवढं काढलं की झालं. फायरवॉलचंही तसंच. २०४९ क्रमांकाचा दरवाजा (पोर्ट) उघडला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीला १११ आणि माउंटचा वेगळा दरवाजाही लागतो, चौथीला एकटा २०४९ पुरतो. आयस्कझी ही स्टोरेज जोडायची दुसरी पद्धत असेल तर ३२६०.

२०२० मध्ये लॉकडाउनमुळे आम्ही दूरून काम करायला शिकलो, आणि कळलं की लिंकचा दिवा दूरून दिसत नाही. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाकडच्या एका माणसाला आम्ही रॅक वाचायला शिकवतो. कुठला पोर्ट कुठल्या होस्टचा, याच्या चिठ्ठ्या मराठीत चिकटवलेल्या आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली आणि त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबलं. होस्टवर चालणाऱ्या त्यांच्या ईएसएक्सआय या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, ती एप्रिल २०२५ मध्ये परत आली, पण तोवर आमच्या दोन-तीन होस्टवाल्या ग्राहकांनी प्रॉक्समॉक्स या तशाच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जायचं ठरवलं होतं. गेलं दीड वर्ष आम्ही हेच स्थलांतर करतो आहोत. माझं मत विचाराल तर लहान कारखान्याला प्रॉक्समॉक्स पुरून उरतं. मात्र स्टोरेजची दुखणी तीच राहतात, फक्त चेहरा बदलतो. तिथे राखाडी डेटास्टोअरऐवजी नावापुढे प्रश्नचिन्ह येतं, आणि ‘स्टोरेज इज नॉट ऑनलाइन’ असा निरोप.

आता आम्ही सात जण आहोत. आतल्या खोलीत एक जुना रॅक ठेवला आहे. शनिवारी दुपारी भाऊ त्यात मुद्दाम एक बिघाड घालून ठेवतो आणि मुलं शोधतात. एकदा त्याने तुटक्या खिट्टीची तीच जुनी केबल लावली होती, ती आम्ही जपून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात कागलच्या एका ग्राहकाकडे आमची इचलकरंजीची मुलगी पहिल्यांदा एकटी गेली. एका होस्टला स्टोरेज दिसत नव्हतं, दुसऱ्याला दिसत होतं. तिने आधी वही उघडली, मग विचारलं, काय बदललं. आदल्या दिवशी त्यांनी त्या होस्टमध्ये एक जादा कार्ड बसवलं होतं, दुसऱ्याच कामासाठी. तेवढ्याने आतल्या नेटवर्क पोर्टचं नाव बदललं होतं, आणि होस्टच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलीत जुनंच नाव लिहिलेलं होतं. दिवा पेटलेला, केबल चांगली, पण पोर्टला पत्ताच मिळत नव्हता. तिने फोनवर मला दोन्ही नावं अक्षर न् अक्षर वाचून दाखवली, मग फाइल दुरुस्त केली. तिने कुठलंच मशीन रीस्टार्ट केलं नाही.

दुपारी दोनला ती ऑफिसात परत आली आणि डबा उघडायच्या आधी नोंद पुरी केली. सध्या नववी वही चालू आहे. नोंदीच्या शेवटी तिने लिहिलंय : ‘दुसऱ्या होस्टमध्येही तेच कार्ड येणार आहे. पोर्टचं नाव पक्कं करून ठेवायचं बाकी. शनिवारी.’