तुम्ही विचारलंत म्हणून: फॅमिली कोर्टाचे न्यायाधीश कोण नेमतं आणि त्यांच्या हातात काय असतं?

"फॅमिली कोर्टातला मॅजिस्ट्रेट नेमतं कोण, सरकार की हायकोर्ट? आणि त्याला अधिकार तरी किती?" कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कधी पक्षकार स्वतः विचारतो, कधी सोबत आलेला मामा किंवा मोठा भाऊ. त्यामागे बहुतेकदा एक धास्ती असते: या साहेबांना विचारणारं वर कोणी आहे की नाही? म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो.

आधी पद समजून घ्या. कौटुंबिक न्यायालयात मॅजिस्ट्रेट बसत नाही, न्यायाधीश बसतात. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ चा आहे आणि त्याच्या कलम ७ ने या न्यायाधीशांना दोन वेगळ्या कोर्टांचे अधिकार दिले आहेत. विवाहाचे दावे ऐकताना ते जिल्हा न्यायालय असतात. पत्नी, मुलं आणि आईवडिलांच्या पोटगीचा अर्ज ऐकताना मात्र त्यांच्याकडे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार येतात. मॅजिस्ट्रेट हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो यामुळेच. तालुक्याच्या गावी आजही पोटगी जेएमएफसीकडे (म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे), घटस्फोट दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तराकडे आणि मुलाच्या पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात, अशी तीन दारं फिरावी लागतात. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरात कौटुंबिक न्यायालय स्थापन करणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे, इतर ठिकाणी सरकारला गरज वाटली तर. पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं १९८९ साली सुरू झाली. एकदा ते स्थापन झालं की त्या हद्दीतल्या बाकीच्या कोर्टांचे या विषयांपुरते अधिकार संपतात. पारशी विवाहांची व्यवस्था मात्र निराळी आहे. मुंबईत ते दावे उच्च न्यायालयातल्या पारशी वैवाहिक न्यायालयात चालतात आणि तिथे न्यायाधीशांसोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात.

आता नेमणूक. कलम ४ प्रमाणे न्यायाधीशांची नेमणूक राज्य सरकार करतं, पण उच्च न्यायालयाच्या संमतीने. ही संमती मिळाली नाही तर सरकार कोणालाही तिथे बसवू शकत नाही. आदेशावर सही मंत्रालयातून होत असली तरी निवडीची चावी उच्च न्यायालयाकडे आहे. पात्रता मुख्यतः दोन वाटांनी येते: किमान सात वर्षं न्यायिक पदावर (किंवा न्यायाधिकरणाचा सदस्य म्हणून, किंवा कायद्याचं विशेष ज्ञान लागणाऱ्या सरकारी पदावर) काम, नाहीतर किमान सात वर्षं उच्च न्यायालयात वकिली. वयाची ६२ वर्षं झाली की या पदावर राहता येत नाही. विवाहसंस्था जपण्याची आणि मुलांच्या हिताची कळकळ असलेली, समेट घडवण्याचा अनुभव असलेली माणसं निवडण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच सांगतो. स्त्रियांना प्राधान्य द्यावं असंही त्यातच आहे. हे आरक्षण नव्हे, आणि "बाई जज म्हणजे बाईच्याच बाजूने निकाल" असा अर्थ काढणाऱ्यांनी रोजच्या निकालपत्रांवर एकदा नजर टाकावी. ते अनुभवाला धरून नाही.

एकाहून जास्त न्यायाधीश असतील तर त्यांतले एक प्रमुख न्यायाधीश असतात. कुठलं प्रकरण कुठल्या कोर्टापुढे जाईल याचं वाटप त्यांच्याकडे असतं. न्यायाधीशांच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूकडे जाते. मंत्र्याला किंवा आमदाराला पत्र लिहून काही साधत नाही. आणि निकाल चुकला असं वाटणं म्हणजे तक्रार नव्हे, त्याला अपील आहे.

अधिकारांची यादी लांब आहे: विवाह रद्दबातल ठरवणं, घटस्फोट, न्यायिक विभक्तता (विवाह न मोडता वेगळं राहणं), नांदायला येण्याचा आदेश, वैवाहिक दर्जा ठरवणं, पती-पत्नीमधला मालमत्तेचा वाद, मुलाची औरसता, पालकत्व, ताबा, भेट, पोटगी आणि या संबंधातून उद्भवणारे मनाईहुकूम. पण यादी वाचून अधिकार कळत नाही. खरी ताकद कार्यपद्धतीत आहे. कलम १० प्रमाणे समेटासाठी किंवा सत्य शोधण्यासाठी न्यायाधीश स्वतःची पद्धत आखू शकतात. कलम १४ प्रमाणे पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागद किंवा ध्वनिमुद्रणही, वाद सोडवायला उपयोगी वाटलं तर, ते पाहू शकतात. पती-पत्नीमधलं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंगसुद्धा वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. वैद्यकीय तपासणीचा आदेशही कोर्ट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालाप्रमाणे त्यासाठी अर्जात सकृद्दर्शनी भक्कम कारण लागतं, आणि आदेश होऊनही कोणी तपासणीला नकार दिला तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं.

कलम १३ प्रमाणे वकील देणं हा इथे पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. पण वकील मिळाला म्हणून घरी बसता येत नाही. समुपदेशकासमोर तुम्हालाच जावं लागतं आणि न्यायाधीश प्रश्नही तुम्हालाच विचारतात. समेटाचा प्रयत्न करणं हे कलम ९ प्रमाणे कोर्टाचं कर्तव्य आहे, म्हणून प्रकरण आधी विवाह समुपदेशकाकडे जातं. तिथलं बोलणं गोपनीय असतं, त्यामुळे मन मोकळं करायला हरकत नाही. तिथे हट्टाने गैरहजर राहणाऱ्याची नोंद मात्र होते, आणि पुढे ती त्याच्याच अंगाशी येते.

सगळ्यात जास्त गैरसमज पोटगीबद्दल असतात, म्हणून इथे जरा थांबतो.

मुंबई-पुण्याच्या कोर्टात प्रकरणाच्या नंबराआधी एक अक्षर असतं. विवाह कायद्याखालचा दावा म्हणजे ए पिटीशन, संमतीचा घटस्फोट एफ, ताब्याचा अर्ज डी आणि दंडाधिकाऱ्याच्या अधिकारातली पोटगी म्हणजे ई पिटीशन. हे ई प्रकरण पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली चालायचं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली चालतं. पोटगीवरची पाचशे रुपयांची मर्यादा २००१ मध्येच गेली, आता रकमेला वरची सीमा नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. तसं होत नाही, आणि त्याचं पहिलं कारण समन्स हे असतं. पत्ता अर्धवट, माणूस बदली होऊन गेलेला, बेलिफ "घर बंद" असा शेरा मारून परत. म्हणून अर्जातच घरचा, नोकरीचा आणि मूळ गावचा असे तिन्ही पत्ते द्या. मोबाईल नंबर आणि ई-मेलही लिहा.

दुसरं कारण शपथपत्र. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. तेव्हापासून दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र द्यायचं असतं. समोरच्याला उत्तरासह ते द्यायला जास्तीत जास्त चार आठवडे. तारखा मागत राहिला तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा विचार कोर्ट करू शकतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी हेही त्याच निकालात ठरलं. चूक होते ती भरताना. रकाने कोरे सोडले जातात, "लागू नाही" लिहिलं जातं. पगारदार माणूस गाडीचा हप्ता, सोसायटीचं कर्ज आणि विम्याचा हप्ता वजा करून हातात बारा हजारच उरतात असं दाखवतो. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते कोर्ट सहसा गृहीत धरत नाही. दुसऱ्या बाजूला पत्नी नोकरी लपवते आणि पीएफच्या उताऱ्यावरून ते उघडं पडतं. खोटं शपथपत्र दिलं म्हणून फौजदारी कारवाई सुरू करण्याचा अधिकार याच न्यायाधीशांना आहे. पगाराची स्लिप, फॉर्म १६, बँकेचे उतारे, शाळेच्या फीच्या पावत्या, घरभाड्याचा करार: एवढे कागद पहिल्या तारखेला जोडलेला अर्ज महिनोन् महिने वाचवतो.

मग वसुली. इथे दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. ई प्रकरणातली पोटगी थकली तर वॉरंट काढून ती दंडासारखी वसूल होते, आणि तरीही भरली नाही तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. "देईल हळूहळू" म्हणून दोन वर्षं थांबलेल्या बाईला जुन्या महिन्यांचं वॉरंट मिळत नाही. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटते हा समजही खोटा, १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला आहे. दुसरी वाट हिंदू विवाह कायद्याखालच्या पोटगीची. तिची वसुली दिवाणी दरखास्तीने होते, म्हणजे पगार किंवा मिळकतीची जप्ती. इतर हुकूमनाम्यांत (दिवाणी कोर्टाच्या अंतिम निर्णयांत) पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश सुरक्षित असतो, दोन तृतीयांशापर्यंत पगार जप्त होऊ शकतो. पतीला कायम नोकरी असेल तर ही वाट जास्त खात्रीची, स्वतःचा धंदा असेल तर वॉरंटाची.

मुलांच्या बाबतीत अधिकार आणखी लवचिक आहेत. न्यायाधीश मुलाशी दालनात एकट्याने बोलतात, मूल परदेशात नेऊ नये असा आदेश देतात, पासपोर्ट कोर्टात जमा करायला लावतात. ताब्याचा आदेश कधीच अखेरचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. भेटीचा आदेश मागताना वार, वेळ, जागा, कोण आणणार, कोण नेणार, परीक्षेच्या आठवड्यात काय, गणपती-दिवाळीत काय, हे सगळं लिहून मागा. "महिन्यातून दोनदा भेट" एवढाच आदेश घेतला की पुढच्याच महिन्यात भांडण ठरलेलं. आईवडिलांच्या रागापायी मूल कोर्टाच्या बाकावर तासन् तास बसून राहतं. ते टाळण्याएवढी ताकद एका नीट लिहिलेल्या आदेशात असते.

आता जे हातात नाही ते. "संसार मोडलाच आहे, जज देतील घटस्फोट" असं पक्षकार म्हणतात. विवाह सावरण्यापलीकडे गेला एवढ्याच कारणावर कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही, उच्च न्यायालयही नाही. तो अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाचा, हे १ मे २०२३ च्या निकालाने स्पष्ट झालं. खालच्या कोर्टांत क्रूरता, परित्याग असं कायद्यातलं कारण सिद्धच करावं लागतं. संमतीच्या घटस्फोटातले थांबण्याचे सहा महिने मात्र २०१७ पासून माफ करता येतात. त्यासाठी पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत, आणि पोटगी, ताबा, स्त्रीधन यांचा निकाल खरोखर लागलेला असावा.

नवऱ्याने छळ केल्याची फौजदारी केसही इथे चालत नाही. ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाते आणि एका कोर्टातली तडजोड दुसऱ्या कोर्टातली केस आपोआप संपवत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला दिलासा मात्र कलम २६ मुळे कौटुंबिक न्यायालयातल्या चालू प्रकरणातही मागता येतो. परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच: तिथल्या कोर्टाने आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर घटस्फोट दिला असेल आणि जोडीदाराने त्या कोर्टाचा अधिकार मानला नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाप्रमाणे तो हुकूमनामा इथे टिकत नाही. दुसरं लग्न ठरवण्याआधी हे तपासा.

आणि वर विचारणारं कोण? उच्च न्यायालय. अंतिम निकालाविरुद्ध तिथल्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे अपील होतं. संमतीने झालेल्या हुकूमनाम्याला अपील नसतं, आणि मधल्या प्रत्येकच आदेशाला ते असतं असंही नाही. ई प्रकरणातल्या अंतिम आदेशाला अपील नाही, पुनरीक्षण अर्ज (उच्च न्यायालयाने आदेश तपासून पाहावा असा अर्ज) आहे. मुदत कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात ३० दिवस आणि हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस आहे. विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्यांना ९० दिवसच लागू, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिला आहे. तरीही ३० दिवसांचं गणित डोळ्यांसमोर ठेवा, आणि निकाल लागला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा.