५१२ पॉइंट्सची चुगली

ट्रायबल वॉर्स हा ब्राउझरमधला, गावं वाढवायचा आणि जिंकायचा खेळ थोडेफार दिवस खेळलेल्या कुणालाही ५१२ या आकड्याबद्दल विचारून बघा. गावात अकादमी उभी राहिली की गावाचे पॉइंट्स एका झटक्यात ५१२ ने वाढतात. दुसऱ्या कुठल्याही इमारतीची एक लेव्हल एकदम एवढे पॉइंट्स देत नाही. अकादमी आली की नोबल, म्हणजे दुसऱ्याचं गाव ताब्यात घेणारं युनिट, येणार, आणि नोबल आले की कुणाचं तरी गाव जाणार. तेव्हा शेजारचं गाव मघाशी ३,१०० वर होतं आणि आत्ता ३,६१२ वर दिसतंय, तर त्या शेजाऱ्याला आणखी काही विचारायला नको. आकड्याने चुगली केलेली असते.

ही चुगली पकडणारी शीट आमच्या ट्राइबसाठी, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या गटासाठी, मी सांभाळते. माल कुठून येतो तेही सांगून टाकते, कारण त्याबद्दल भलत्या कल्पना असतात. प्रत्येक वर्ल्डची (खेळाच्या स्वतंत्र सर्व्हरची) माहिती गेम स्वतःच उघडी ठेवतो, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, तासातासाला ताजी होणारी. तिच्यात गावाचा क्रमांक, नाव, को-ऑर्डिनेट्स, मालक, पॉइंट्स. सैन्य किती, गोदामात काय, भिंत कितव्या लेव्हलची, यातलं काही नाही. माझी शीट आधीची फाइल आणि ताजी फाइल शेजारी ठेवते, वजाबाकी करते आणि मोठी उडी दिसली की ती ओळ लाल करते. यात हुशारी म्हणावी असं काही नाही.

तरीही समोरच्या ट्राइबमधल्या एकाने मला गेममध्ये मेसेज पाठवला: "तुम्ही खेळत नाही, तुमची शीट खेळते. रडीचा डाव आहे हा." मला राग आला, पण तो म्हणत होता त्यात काहीतरी होतं हेही कळत होतं.

माझं नेहमीचं उत्तर तयार होतं. पॉइंट्स काय लपवलेले आहेत? नकाशावर गावावर माउस नेला की दिसतात. पत्त्यांत कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवणारा लबाडी करत नाही, दुसऱ्याच्या हातातली पानं वाकून बघणारा करतो. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. माहिती लपलेली नसते हे खरं. पण ती हजारो गावांत विखुरलेली असते, आणि रोज उठून एवढी गावं बघायचा कंटाळा हाच बऱ्याच लोकांचा आडोसा असतो. शीटने कुठलंही गुपित फोडलं नाही, तिने फक्त तो कंटाळा संपवला. आणि कंटाळा संपला की डोंगराआड बसलेला माणूस एकदम माळावर येतो.

हे सगळ्यात वाईट दिसतं ते ट्रॅव्हियन या अशाच दुसऱ्या खेळात. तिथेही गेमच नकाशाची एक फाइल देतो, मॅप डॉट एसक्यूएल, दिवसातून एकदा. तिच्यात प्रत्येक गावाची लोकसंख्या असते. लोकांनी त्यावर अशी टूल्स बांधली की आपले को-ऑर्डिनेट्स टाकायचे आणि आसपासची ज्यांची लोकसंख्या काही दिवसांत वाढलेली नाही अशी गावं अंतराच्या क्रमाने मिळवायची. म्हणजे थेट फार्मची, पुन्हा पुन्हा लुटायच्या गावांची, यादीच. खेळ सोडून गेलेल्यांची गावं लुटली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या यादीत नवीन खेळाडूही सापडतो, ज्याला अजून पुढे काय बांधायचं ते कळलेलं नाही. आजारी पडलेलाही सापडतो. टूल सगळ्यांना सारखंच मोकळं आहे असं आपण म्हणतो, पण ते शोधून वापरतो जुना खेळाडू आणि यादीत लागतो नवा. संधी समान, फटका मात्र एकालाच. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तक्रार टूल बनवणाऱ्यापेक्षा फाइलमध्ये काय द्यायचं ते ठरवणाऱ्याकडे जायला हवी. धुकं किती ठेवायचं हे खेळ बनवणाऱ्याच्या हातात असतं. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात एका ताऱ्याभोवतीच्या टापूत कोण कोण आहे हे लोकल चॅटच्या यादीत दिसतं. ती नावं उचलून बाहेरच्या साइटवर टाकली की कुणी किती जहाजं उडवली आहेत तो इतिहास समोर येतो. २०१९ च्या जुलैमध्ये सीसीपीने, म्हणजे ईव्ह बनवणाऱ्या कंपनीने, नल-सेकमधली (कायदा नसलेल्या टापूंतली) ती यादीच बंद केली. टूल्सना हात लावला नाही, त्यांचा शिधा तोडला. सप्टेंबरमध्ये यादी परत आली ती गोष्ट वेगळी, पण उपाय कुठल्या जागी करता येतो ते त्यातून दिसलं.

आता माझ्या मते रेघ कुठे आहे ते सांगते. त्यासाठी इन्कमिंगचं, म्हणजे आपल्यावर चालून येणाऱ्या आणि आत कोणतं सैन्य आहे ते ओळखावं लागणाऱ्या हल्ल्याचं, उदाहरण घ्यावं लागेल, कारण तिथे रेघ अगदी ठळक दिसते.

साध्या वेगाच्या वर्ल्डवर नोबलला एक फील्ड (नकाशावरचा एक चौकोन) ओलांडायला ३५ मिनिटं लागतात, भिंत फोडणाऱ्या रॅमला ३०, हलक्या घोडदळाला १०. अख्खा हल्ला त्यातल्या सगळ्यात संथ युनिटच्या चालीने येतो. हल्लेखोराचं गाव १२ फील्डवर आहे असं धरा. नोबल असतील तर प्रवास सात तासांचा, रॅम असतील तर सहा तासांचा. तुम्ही लॉगिन केलंत आणि इन्कमिंगला ६ तास २० मिनिटं बाकी दिसली, तर ते रॅम असूच शकत नाहीत. नोबलच. पण लॉगिन करायला उशीर झाला आणि ५ तास ५० मिनिटं बाकी असताना पाहिलं, तर रॅमही असू शकतात, नोबलही, किंवा नुसता फेक, म्हणजे फसवायला पाठवलेला हल्ला. सगळं गणित एकाच गोष्टीवर टेकलेलं आहे: तुम्ही ते पहिल्यांदा कधी पाहिलंत.

हा हिशेब करणारी स्क्रिप्ट मला शंभर टक्के फेअर वाटते. दोनशे इन्कमिंग अंगावर आली की हाताने भागाकार करत बसण्यात कसली आली स्ट्रॅटेजी? गावाची लॉयल्टी (निष्ठा) शंभरवरून खाली येऊन गाव हातचं जायला साधारण चार नोबल लागतात, त्यांच्या मधल्या फटीत सपोर्ट (मदतीचं सैन्य) घुसवायचा की गाव सोडायचं, हा खरा प्रश्न. तो स्क्रिप्ट सोडवत नाही. पण तुम्ही झोपलेले असताना दर मिनिटाला पान रिफ्रेश करून "पहिल्यांदा कधी दिसलं" ते टिपून ठेवणारी स्क्रिप्ट आली, की माझ्या लेखी खेळ संपला. वजाबाकी कुणीही करावी. तुमच्या वतीने जागरण कुणी करू नये. गेमचा नियमही साधारण असाच आहे: एका क्लिकला एकच कृती, आणि तो क्लिक माणसाचा.

आता कुणीतरी विचारणारच की पैसे भरून मिळणारा अकाउंट मॅनेजर तुमच्यासाठी बांधकाम लावतो, सैन्यभरती लावतो, मग तो कसा चालतो? मलाही तो पटत नाही. पण तो सगळ्यांना माहीत आहे, समोरचा तो वापरत असेल हे धरून खेळता येतं. या उघडेपणाचं वजन मला वर्षागणिक जास्त वाटायला लागलंय.

म्हणून त्या मेसेजवाल्याला मी शीट पाठवून दिली. फॉर्म्युल्यासकट.

ट्राइबमध्ये जो गदारोळ झाला तो विचारू नका. लीडरचं म्हणणं, शस्त्र शत्रूच्या हातात दिलंस. माझं म्हणणं, फाइल सगळ्यांची आहे, शस्त्र कसलं? ट्राइबच्या रिपोर्टचा साठा मी त्याला दिला नव्हता, देणारही नाही. आमच्या माणसांनी आपले स्काउट, म्हणजे हेर, मारून घेऊन मिळवलेली ती माहिती आहे, तिची किंमत आम्ही मोजलेली आहे. सार्वजनिक फाइलवर केलेली वजाबाकी मात्र कुणाची मालमत्ता नाही. लीडरला हा फरक पटला नाही, आजही पटत नाही.

पुढे झालं असं की सीमेवरच्या त्याच्या एका गावाने ५१२ ची उडी मारली. ओळ लाल झाली. आम्ही सगळा डिफेन्स त्या बाजूला नेऊन बसवला. नोबल आले ते दक्षिणेकडून, एका जुन्या गावातून, जिथली अकादमी माझी शीट सुरू होण्याच्या आधीपासून उभी होती. सीमेवरची अकादमी नुसतं आमिष होतं. आमची शीट काय बघते आणि काय बघू शकत नाही हे त्याला नेमकं कळलं होतं, आणि त्याने ते आमच्यावरच उलटवलं. दोन गावं गेली. लीडर चार दिवस माझ्याशी बोलत नव्हता. मला मात्र एवढी चांगली चाल कित्येक दिवसांत बघायला मिळाली नव्हती, आणि ती शीट लपवून ठेवली असती तर मिळालीही नसती.

आता शीटमध्ये एक नवा रकाना आहे: पॉइंट्स बघता जिथे जुनी अकादमी असू शकते अशी गावं. अंदाजच आहे, खात्री नाही. ही आवृत्तीही मी त्याला पाठवणार आहे. लीडरला अजून सांगितलेलं नाही.