सोयाबीनची मान कुठे मोडते

सोयाबीनचा दाणा रात्रभर भिजवा आणि सकाळी साल काढून दोन्ही डाळिंब्या अलगद उघडा. दाण्याच्या डोळ्याशेजारी, म्हणजे तो शेंगेला जिथे चिकटलेला असतो त्या खुणेशेजारी, टोकदार मोड दिसतो, ते पुढचं मूळ. त्याच्या मागे, डाळिंब्यांच्या बेचक्यात दोन चिमुकली पानं घडी घालून बसलेली असतात. म्हणजे पानांची पहिली जोडी बियाण्यातच तयार असते.

हा मोड पातळ सालीच्या अगदी लगत असतो. मळणीयंत्राचा ड्रम मिनिटाला 400 ते 500 फेऱ्यांपेक्षा जोरात फिरवला किंवा पोती आपटली, तर दाणा वरून धड दिसतो पण मोड आतल्या आत मेलेला असतो. पाच मिनिटं पाण्यात टाकून बघा: साल फुटलेले दाणे तेवढ्यात टम्म फुगतात. तरी उगवण गोणपाटावरच तपासावी. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि सातव्या दिवशी धड मोड मोजा. 70 निघाले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. 60 च्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरूच नका.

दाण्याला उगवायला स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं पाणी लागतं. अर्धवट ओलीत तो फुगतो आणि तसाच कुजतो, म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफशावरच, म्हणजे जमीन ओली पण चिखल नाही अशी झाल्यावरच पेरावं. खोली 3 ते 5 सेंटिमीटर.

खरी कसोटी पुढे आहे. आधी मूळ खाली जातं. मग मूळ आणि डाळिंब्या यांच्यामधला देठ लांबतो, आकड्यासारखा वाकतो आणि दोन्ही डाळिंब्यांना मागे ओढत वर आणतो. हीच ती मान. पेरणीनंतर जोराची सर आली, वर ऊन पडलं आणि काळ्या जमिनीवर पापडी धरली, की आकडा खालून ढकलत राहतो, जाड होतो आणि शेवटी तुटतो. डाळिंब्यांच्या खाली तुटलेलं रोप फुटत नाही, कारण नवे फुटवे यायचे डोळे डाळिंब्यांच्या बगलेत आणि त्याच्या वर असतात. खोल पेरलेल्याचं दुखणंही हेच.

हरभऱ्याचं तसं नाही. त्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात, फक्त कोंब वर येतो. शेंडा किड्याने कुरतडला तरी खालच्या डोळ्यातून तो परत फुटतो. म्हणूनच हरभरा 10 सेंटिमीटर खोल पेरला तरी निभावतो. सोयाबीनला तेवढी खोली झेपत नाही.

वर आलेल्या डाळिंब्या हिरव्या होतात आणि साधारण आठवडाभर रोपाला पोसून गळतात. आधी बियाण्यातली ती साधी जोडपानं समोरासमोर उघडतात, मग एकाआड एक त्रिदल पानं येऊ लागतात.

मुळांवरच्या गाठी तिसऱ्या आठवड्यापर्यंत नजरेला पडतात. रोप ओढू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्याने मातीसकट काढा. गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी-लाल निघाली तर ती हवेतलं नत्र पिकासाठी बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. या काळात युरियाचा हात सैल सोडला, तर गाठी कमी धरतात, पीक काळंभोर होऊन नुसतं उंच वाढतं आणि शेंगा भरायच्या वेळी लोळतं.