घरचा गिटी सर्व्हर, नोंद ७: नोंदणीचं दार आणि ‘नमस्ते’ची लांबी

मागच्या नोंदीत गिटी (कोड साठवायचं, वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर) इंटरनेटवर उघडा केल्याचं लिहिलं होतं. त्याचं फळ लगेच मिळालं. तीन दिवसांत १९ अनोळखी खाती. रिपॉझिटरी (कोडचा साठा) एकाचीही नाही, प्रोफाइलमध्ये जाहिरातीची लिंक मात्र प्रत्येकाच्या.

खाती उडवली, ॲप डॉट आयएनआय ही गिटीची सेटिंग्जची फाइल उघडली, ‘डिसेबल रजिस्ट्रेशन’ ट्रू केलं, रीस्टार्ट मारला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पाहुणे हजर! कॅश, ब्राउझर, रिव्हर्स प्रॉक्सी (गिटीपुढचा मध्यस्थ सर्व्हर) असा सगळ्यांवर संशय घेऊन झाला, तेव्हा कुठे दिसलं की ती ओळ मी ‘सर्व्हर’ विभागात घातली होती. ती हवी ‘सर्व्हिस’मध्ये. लॉगमध्ये याबद्दल चकार शब्द नव्हता.

दार कायमचं बंद ठेवणंही परवडत नाही, दोघातिघांना पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवायचे असतात. म्हणून आता ‘रजिस्टर मॅन्युअल कन्फर्म’ लावलंय. खातं तयार होतं, पण मी मंजूर करेपर्यंत आत येता येत नाही. यासाठी ईमेल कन्फर्म बंद ठेवावं लागतं. त्याचं दुःख नाही, बॉटकडेही ईमेल असतोच.

मग पासवर्ड. किमान लांबी १२ केली. ‘कॉम्प्लेक्सिटी’ (कॅपिटल, अंक, चिन्हांची सक्ती) मुद्दाम ऑफ ठेवली, कारण सक्ती केली की लोक पहिलं अक्षर कॅपिटल करतात, शेवटी १ आणि उद्गारचिन्ह ठोकतात आणि मोकळे होतात. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची ८००-६३बी मार्गदर्शिकाही २०१७ पासून हेच सांगतेय: लांबी बघा, चिन्हांची सक्ती नको.

सहज गंमत म्हणून चाचणी खात्याला ‘नमस्ते’ हा पासवर्ड दिला. घेतला की! बारा कुठे, नमस्ते कुठे? कारण साधं निघालं. माझ्या आवृत्तीत लांबी बाइटमध्ये मोजली जाते. न, म, स, हलन्त, त, एकाराची मात्रा असे सहा कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, एकूण १८. म्हणजे देवनागरीत चार कोडपॉइंट टाकले तरी बाराची अट पुरी. उलट पासवर्डचा हॅश (मूळ पासवर्ड परत काढता येऊ नये असा ठसा) करायला बीक्रिप्ट ही पद्धत निवडली तर त्याची ७२ बाइटची मर्यादा २४ कोडपॉइंटमध्येच संपते. मराठी वाक्य पासवर्ड म्हणून वापरणाऱ्यांनी दोन्ही टोकं सांभाळा.

यावर थोडा उतारा म्हणून ‘पासवर्ड चेक पीडब्ल्यूएन’ चालू केलं. फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ते ताडून बघतं. बाहेर जातात ती शा-१ हॅशच्या ४० अक्षरांपैकी पहिली ५, त्यामुळे मला ते चालतं.

आर्गॉन२ या दुसऱ्या हॅशपद्धतीची हौस मात्र आवरली. एकेका लॉगिनला ६४ एमबी मेमरी, आणि माझं यंत्र आधीच धापा टाकतंय. पीबीकेडीएफ२च ठेवलंय. पुढे रॅम वाढवली तर बदलेन, जुने हॅश ज्याच्या त्याच्या पुढच्या लॉगिनला आपोआप नवे होतात.

सध्या मंजुरीच्या रांगेत चार खाती आहेत. त्यातलं एक खरंच माणसाचं दिसतंय.