तुम्ही विचारलंत म्हणून: बाँडचे पैसे मी का भरले

"बाँड कोर्टात टिकत नाही, मग पैसे का भरलेस?" हे मला इतक्या जणांनी इतक्या खात्रीने विचारलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. बाँड म्हणजे नोकरीला लागताना सही केलेला करार: ठरलेल्या मुदतीच्या आत नोकरी सोडली तर ठरलेली रक्कम भरायची. मे २०२५ नंतर तर प्रश्नच उलटा झाला. विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं नोकरी करण्याची अट आणि ती मोडल्यास दोन लाखांची भरपाई वैध ठरवली, आणि तीच माणसं म्हणायला लागली, "भरलेस ते बरं झालं, नाहीतरी भरावेच लागले असते." पैसे नेमके कशाचे मागितले होते, हे मात्र ना तेव्हा कुणी विचारलं, ना आता.

आधी एक गैरसमज दूर करते. माझा तिथे छळ होत नव्हता. मॅनेजर चांगले होते, पगार वेळेवर व्हायचा. दुसरीकडे मला हवं तसं काम आणि जास्त पगार मिळाला, म्हणून दोन वर्षांची मुदत संपायच्या आत मी राजीनामा दिला. हे सांगितलं की ऐकणाऱ्याची सहानुभूती तिथेच संपते. जाच झाला असेल तरच नोकरी सोडायचा अधिकार, असा काहीतरी हिशोब असतो लोकांच्या डोक्यात. चांगली संधी हे पुरेसं कारण आहे. त्यासाठी मी कुणाची माफी मागणार नाही.

बाँड दीड लाखाचा होता आणि कारण लिहिलं होतं 'प्रशिक्षणाचा खर्च'. ते प्रशिक्षण म्हणजे आमच्याच टीममधला एक सीनियर, त्याच्या स्वतःच्या डेडलाइन सांभाळून, जुन्या स्लाइड्स दाखवायचा. थोड्याच दिवसांत मी क्लायंटच्या कामावर होते आणि माझ्या कामाचं बिल कंपनी लावत होती. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. तिच्या आत जी वाजवी ठरेल तेवढीच भरपाई. १९६३ साली फतेहचंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणून मी मेलवर हिशोब मागितला: माझ्यावर खर्च किती झाला, आणि मी केलेल्या नोकरीचा वाटा वजा करून उरतात किती? उत्तरात करारातलंच कलम जसंच्या तसं चिकटवून आलं.

"पण सही केली होतीस ना?" केली होती, आणि वाचून केली होती. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली ती मुलगी आजही माझ्याशी वाद घालते. तिचं म्हणणं, पहिली नोकरी समोर होती, बरोबरचे सगळे सही करत होते, मी काय करायला हवं होतं? माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एका जागेवरून आमचं अजून जमत नाही. जामीनदाराच्या रकान्यात तिने बाबांची सही घेतली.

कारण शेवटी कंपनीने फोन मला केलाच नाही, बाबांना केला. सोमवारी या, मूळ ओळखपत्र आणा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, फायलीत बँकेचं पासबुक घेऊन आले. पासबुक कुणी मागितलं नव्हतं. एचआरचा माणूस माझ्याच वयाचा असेल. त्याने शंभराच्या स्टॅम्प पेपरची प्रत टेबलावर सरकवली, सहीवर बोट ठेवलं आणि अगदी आदराने विचारलं, "काका, ही तुमचीच सही ना?" बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि "हो" म्हणाले. मी कलम ७४ काढलं. तो माझ्याकडे न बघता बाबांनाच म्हणाला, "काका, नोटीस तुमच्या नावाने पण निघेल. आम्हालाही ते नको आहे." उभ्या आयुष्यात उधारी न केलेल्या माणसाला हे वाक्य काय करतं, ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं.

चेक मी माझ्या खात्यातून दिला. सोबतच्या पत्रात एक ओळ होती: 'ही रक्कम निषेध नोंदवून, माझे हक्क राखून भरत आहे.' त्याने पत्र परत माझ्यापुढे ठेवलं. ही ओळ काढा, नाहीतर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र, लीगलकडे जाईल, मग किती दिवस लागतील सांगता येत नाही. नव्या कंपनीने तेच लेटर मागितलं होतं. बाबा हळूच म्हणाले, "काढ ग, जाऊ दे." मी त्यांच्याच प्रिंटरवर दुसरं पत्र काढलं, त्या ओळीशिवाय.

मग घाबरून भरले का? त्या खोलीत, हो. कोर्टाला मात्र मी घाबरले नव्हते.

विजया बँकेचा निकाल मी पूर्ण वाचलाय, म्हणून तो माझ्यावर फेकू नका. तिथे कोर्टाने पाहिलं की सरकारी बँकेला जाहिरात देऊन खुली भरती करावी लागते, त्यात वेळ आणि पैसा जातो. नोकरी सोडणारा अधिकारी वरच्या पदावर होता, पगार चांगला होता, आणि राजीनामा देणंच अशक्य व्हावं इतकी ती रक्कम मोठी नव्हती. माझे दीड लाख म्हणजे माझा कित्येक महिन्यांचा पगार होता. आणि त्या अधिकाऱ्याने पैसे निषेध नोंदवून भरले होते, म्हणजे माझ्या पत्रातून जी ओळ गेली तीच त्याच्याकडे होती.

एवढं सगळं मांडूनही माझी बाजू पक्की आहे असं मी म्हणत नाही. काहीतरी शिकले तिथे. मी गेल्यावर माझं काम दुसऱ्या कुणालातरी शिकवावं लागलंच असेल. हिशोब दाखवून तीस-चाळीस हजार मागितले असते, तर मी त्याच दिवशी दिले असते.

पैसे परत मागायचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो. माझी मुदत अजून आहे. वकीलबाई म्हणतात, ती ओळ गेल्यामुळे बाजू कमकुवत झालीय, पण हिशोब मागितलेला मेल जपून ठेव. नोटिशीचा मसुदा त्यांनी करून दिलाय. तो पाठवायचा तर आधी बाबांना सांगावं लागेल, कारण कंपनीचा पहिला फोन परत त्यांनाच जाईल.