'मी प्याचे इल काफ्फे' : मराठीतून समजलेले इटालियन

इटालियन शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच एक वाक्य भेटते : 'मी प्याचे इल काफ्फे', म्हणजे 'मला कॉफी आवडते'. मी मुंबईत ज्या वर्गाला जाते तो इंग्रजीतून चालतो आणि इंग्रजीतून शिकवताना या वाक्यापाशी हमखास गाडी अडते. इंग्रजीत ज्याला आवडते तो माणूस कर्ता असतो आणि कॉफी कर्म. इटालियनमध्ये मात्र कॉफी कर्ता होते आणि माणूस चतुर्थीत जाऊन बसतो. हे पटवून देण्यासाठी फळ्यावर वाक्य उलटेसुलटे करून दाखवावे लागते. माझे म्हणणे असे, की मराठी माणसाला यातल्या कशाचीही गरज नाही. तो बोलायला लागल्यापासून हे वाक्य याच रचनेने बोलत आला आहे.

वाक्यातला 'मी' म्हणजे आपला 'मला', एवढे एकदा मनात पक्के केले की बाकीची रूपे भराभर लागतात. 'ती प्याचे' म्हणजे तुला आवडते, 'ल्यी प्याचे' म्हणजे त्याला, 'ले प्याचे' म्हणजे तिला. आदराने बोलताना इटालियन माणूस समोरच्या व्यक्तीसाठी, मग तो पुरुष का असेना, हेच 'तिला'चे रूप वापरतो, त्यामुळे 'ले प्याचे इल काफ्फे?' हा प्रश्न 'आपल्याला कॉफी आवडते का?' असाही होतो. 'आम्हाला' आणि ऐकणाऱ्याला धरून म्हटलेले 'आपल्याला' हा भेद इटालियनमध्ये नाही. दोन्हींसाठी एकच 'ची' येते. भर द्यायचा असेल तर 'मी'ऐवजी 'आ मे' म्हणतात, आणि नाव घालायचे असेल तर त्याच्या आधी 'आ' लावतात. आपला 'ला' शब्दाच्या मागे चिकटतो, त्यांचा 'आ' पुढे उभा राहतो, काम एकच. बोलताना पुष्कळ इटालियन लोक 'आ मे मी प्याचे' असे दुहेरी रूपही वापरतात आणि शाळेत त्यावर लाल रेघ पडते. हे चूक की बरोबर, असे प्रश्न लोक आजही फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीला विचारतात. ही अकादमी १५८३ पासून त्या भाषेची चिकित्सा करीत आली आहे, आणि व्याकरणाची अशी आस्था असलेला समाज मला फार जवळचा वाटतो.

गिरगावात राहणाऱ्या माझ्या आत्याला मी हे वाक्य म्हणून दाखवले. तिने ते दोनदा घोळवले आणि लगेच विचारले, "अगं, मग मला बटाटेवडे आवडतात, हे कसं म्हणायचं?" व्याकरणाचे एकही पुस्तक न उघडता तिने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. कर्ता अनेकवचनी झाला की क्रियापद बदलते : 'मी प्याच्योनो इ बटाटेवडे'. 'आवडते'चे 'आवडतात' होते, तसे 'प्याचे'चे 'प्याच्योनो'. वर्गात इंग्रजीतून विचार करणारे विद्यार्थी इथे वारंवार अडखळतात, कारण आवडणारा एकच असताना क्रियापद अनेकवचनी का, हे त्यांच्या पचनी पडत नाही. आत्याला ही शंकाच आली नाही.

भूतकाळात तर हे साम्य अधिकच खुलते. 'मी ए प्याचूतो इल काफ्फे', पण 'मी ए प्याचूता ला पित्सा'. कर्ता पुल्लिंगी असेल तर शेवटी 'ओ', स्त्रीलिंगी असेल तर 'आ'. अनेकवचनात हेच अनुक्रमे 'ई' आणि 'ए' होतात. आपण 'आवडला' आणि 'आवडली' म्हणतो तसेच हे आहे. लिंगे मात्र पाठच करावी लागतात : आपल्याकडे कॉफी स्त्रीलिंगी आणि पिझ्झा पुल्लिंगी, इटलीत नेमके उलट. नपुंसकलिंग त्यांच्याकडे नाही. लॅटिनमध्ये होते, इटालियनपर्यंत येताना ते गळून पडले. उच्चाराबद्दल एवढेच सांगते, की 'प्याचे'मधला 'च' चिमणीतला आणि 'पित्सा'मधला जोडउच्चार चमच्यातल्या 'च'चा आहे. हे दोन्ही आवाज आपल्या जिभेवर आधीपासूनच आहेत, आणि त्यांचे त-द हेही आपल्यासारखेच दंत्य आहेत.

याच साच्यात बसणारी आणखी बरीच क्रियापदे रोजच्या बोलण्यात येतात. 'मी सेर्वोनो दुए बिल्येत्ती' म्हणजे मला दोन तिकिटे लागणार आहेत, 'मी सेम्ब्रा' म्हणजे मला वाटते, 'मी बास्ता' म्हणजे मला पुरते. परगावी गेलेला मुंबईकर 'मी मान्का मुंबई' म्हणेल तेव्हा त्या वाक्यातली कर्ती मुंबई असेल आणि तो स्वतः चतुर्थीत असेल, 'मला मुंबई आठवते' या वाक्यात असतो तसाच.

मात्र हे बोट धरून सगळीकडे जाता येत नाही. मराठीत भूक 'मला' लागते आणि थंडी 'मला' वाजते. इटालियनमध्ये माणूस तिथे सरळ कर्ता होतो आणि 'ओ फामे', 'ओ फ्रेद्दो' म्हणतो, म्हणजे भूक किंवा थंडी त्याच्याजवळ असते. वयही तिथे 'असते', 'होत' नाही. 'इल', 'लो', 'ला' ही नामाआधीची उपपदे तर मराठीला सर्वस्वी परकी आहेत. कॉफीला 'इल' लागते, पण साखरेला 'लो त्सुक्केरो' म्हणावे लागते, कारण तो शब्द 'त्स'ने सुरू होतो. शिवाय एकूणच कॉफी आवडते असे म्हणायचे असले तरी उपपद गाळता येत नाही. इथे मराठी मदतीला येत नाही. नवा शब्द वहीत उतरवताना उपपदासकट उतरवणे, हाच मला सापडलेला उपाय आहे.

सध्या मी एका वेगळ्या वाक्यावर रेंगाळले आहे. 'मी पित्सा खाल्ला' याला 'ओ मान्जातो ला पित्सा' म्हणतात आणि तिथे क्रियापद पित्साच्या लिंगाकडे लक्ष देत नाही. पण पित्साऐवजी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या आधी बसले, की 'मान्जातो'चे लगेच 'मान्जाता' होते. 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला' असे बोलताना आपले क्रियापद नेहमीच कर्माच्या मागे जाते. इटालियनचे क्रियापद तसे जाते ते सर्वनाम आधी आले तरच.