लॉकच्या रांगेत आप्पा

दुपारपासून कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी कितीदा बघितली काय माहीत. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, इथल्या पोरासोरांनापण पाठ आहे. पाणी चढायची वाट बघणं म्हणजे आमच्याकडं जिवाला घोर, आणि तिकडं इंग्लंडमध्ये आम्ही पाणी कधी चढतंय म्हणून आनंदानं बसलेलो, तेच आज सारखं आठवतंय.

ताई-दाजी मँचेस्टरला असतात. दाजींनी कालव्यातली बोट भाड्यानं घेतली होती, नॅरोबोट म्हणतात, लांबच लांब पण रुंदीला 7 फूटपण नाही. आपल्याकडं कालवा म्हटलं की उसाला पाणी, तिथले कालवे दोनशे वर्षांपूर्वी माल न्यायला खणलेत, आता त्यात हौशी लोक फिरतात. हर्लस्टन ते लँगॉलेन 70 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर-कऱ्हाड एवढंच की, पण वेगमर्यादा ताशी 4 मैल आणि वाटेत 21 लॉक! लॉक म्हणजे दोन्हीकडं दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून नाहीतर सोडून बोट वर-खाली करायची.

आमचे आप्पा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, पाच मिनिटं लेट झालं तरी जेवण गोड लागायचं नाही असा माणूस. त्यांना बोटीच्या मागं उभं करून टिलरचा दांडा दिला, तो डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं जाते. "स्टेअरिंग उलटं बसवलंय ह्यांनी," म्हणाले, पण दुपारपर्यंत हात बसला. मग बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकली. इंजिन बंद करायचं, मागचं झाकण उघडायचं आणि गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून कापून काढायची, दाजींनी ब्रेड कापायच्या सुरीनं काढली आणि ताईनं ती सुरी परत किचनमध्ये येऊ दिली नाही.

खरी रखडपट्टी ग्रिंडली ब्रुकला. तिथं 6 लॉक, त्यातले वरचे 3 एकमेकांना चिकटून, एकाचं वरचं दार तेच पुढच्याचं खालचं दार, त्यामुळं मध्येच समोरासमोर बोटी आल्या तर पास व्हायला जागाच नाही. आधी वरच्या उतरणार, मग खालच्या चढणार, आणि नंबर कुणाचा हे तिथला लॉककीपर ठरवणार. आमच्यापुढं ही रांग! आप्पा घड्याळ बघतायत, येरझाऱ्या घालतायत, शेवटी ताईनं त्यांच्या हातात लॉकची लोखंडी हँडल दिली आणि म्हणाली जावा, पुढच्यांना मदत करा. झालं. हँडल फिरवून पाणी सोडायचं, दोन्हीकडची पातळी एक होईस्तोवर थांबायचं, मग दाराच्या दांडीला पाठ लावून रेटायचं. आधी कितीपण जोर लावा, दार इंचभर हलत नाही. आप्पांना इंग्रजी येत नाही, समोरच्या म्हाताऱ्याला मराठी, तरी दोघांचं चाललेलं मस्त.

मी तोवर आत तांबडा रस्सा टाकला, कांदा-लसूण चटणी घरनं नेलेलीच होती. मटणाला आपल्या बोकडाची चव नाही, पण वास लांबवर गेला आणि मागच्या बोटीवाले वाटी घेऊन आले.

मला वाटतं आप्पा तिथं चिडले नाहीत कारण उशीर का होतोय ते डोळ्यासमोर होतं. स्टँडवर "येतीय, येतीय" ऐकत बसलं की माणूस तापतो, इथं पाणी किती चढलं ते दिसतंय, आपल्यापुढं किती बोटी ते दिसतंय, कुणाला शिव्या घालणार?

ह्या सगळ्यात लँगॉलेन काय गाठता आलं नाही. बोट परत द्यायची तारीख ठरलेली, आणि एवढी लांब बोट वळवायला ठरावीक रुंद जागाच लागतात, म्हणून एल्समियरलाच वळवली. त्याच कालव्यावर पुढं असलेला पाँटकसिल्टेचा 1805 चा पूल टॅक्सीनं जाऊन बघितला. नदीवर 38 मीटर उंच, लोखंडी पन्हळीतनं कालवा जातो, चालायच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, बोटीतनं वाकलं की डायरेक्ट खाली नदी. आईनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई उशीर झाला."

परतीला पाण्याची ओढ आपल्याच बाजूनं असते त्यामुळं बोट पळायला लागली. ग्रिंडली ब्रुकला सकाळीच पोचलो, रांग नाही, एकपण बोट नाही, लॉककीपरनं लगेच घेतलं आणि भराभर खाली उतरलो. आप्पा हँडल घेऊन तयार उभे होते. "एवढ्यात झालंपण?" म्हणाले आणि दुपारपर्यंत कुणाशी धड बोलले नाहीत.